अर्थिंगला पाणी

सोमवार, २१ एप्रिल

पोहोचले एकदाची! ठाण्याहून पहाटेची एसटी, जव्हारला गार वडा आणि गरम चहा, मग मोखाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर सातवी. पोशेऱ्याच्या अलीकडे उतरून अर्धा तास पायपीट. पाठीवर कपडे, खांद्याला मीटरची पेटी, वर एप्रिलचं ऊन. कंबरेचा पार काटा ढिला झाला. पण माळावरचा बंगला दिसला आणि शीण पळाला. पांढराशुभ्र, बैठा, समोर आंब्याचं झाड, आणि चहूकडे डोंगरच डोंगर. डोंबिवलीत माझ्या खिडकीतून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले परकर दिसतात, त्यामुळे मला हे सगळं फुकटच मिळाल्यासारखं वाटतंय.

बंगला कुण्या बिल्डरने शेतघर म्हणून बांधला होता. आता एका ट्रस्टने घेतलाय. पुढच्या सोमवारी नर्सिंग शिकणाऱ्या चौदा मुली इथे राहायला येणार. त्याआधी घरातला एकेक पॉवर पॉइंट, म्हणजे गीझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन, मोटर वगैरे मोठा लोड घेणारे सोळा अँपिअरचे प्लग, तपासून मी सर्टिफिकेट द्यायचं. खरं तर दोन दिवसांचं काम. इथे लाइट येतजात असते म्हणून ऑफिसने आठवडा दिला, आणि मी कशाला नको म्हणू?

घर सांभाळायला कोंडी नावाची बाई आहे. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. मला आल्या आल्या म्हणाली, "तू दमली असशील, बस." इथे सगळे सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यात उद्धटपणा नसतो, हे जीपवाल्याने आधीच सांगितलं होतं. मला तर बरंच वाटलं. ऑफिसात सारखं मॅडम मॅडम ऐकून कान किटलेत.

एक गंमत लिहून ठेवते. स्वयंपाकघराच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे. संध्याकाळी बघते तर कोंडीने झाकण काढून त्यात अख्खा हंडा रिकामा केला. विहीर दीड किलोमीटरवर, तिथेही सध्या वाटीने पाणी भरावं लागतं, आणि ही बाई अर्थिंगला पाणी घालते! उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं, खड्डा ओला ठेवायचा असतो, हे मी शहरात इंजिनिअरांना ओरडून सांगते तरी कुणी ऐकत नाही. तिला म्हटलं, शाब्बास गं बाई, तुला कुणी शिकवलं? ती हंडा उचलून गेली.

मंगळवार, २२ एप्रिल

आज नऊच्या नऊ पॉइंट झाले. नवशिक्यांसाठी म्हणून पद्धत लिहून ठेवायची माझी सवय आहे, तर लिहिते.

आधी तीन दिव्यांचा टेस्टर खोचायचा. दोन दिवे पेटले की फेज, न्यूट्रल, अर्थ आपापल्या जागी आहेत. पण तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो टेस्टर भोळा असतो. मग मीटर. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट आले. फेज आणि अर्थमध्येही २३१. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ०.०. अर्थ म्हणजे ती हिरवी तार. गीझरच्या अंगात चुकून करंट उतरला तर तो माणसातून न जाता त्या तारेने खड्ड्यात, जमिनीत निघून जावा, एवढ्यासाठी ती असते. नऊही ठिकाणी ०.०. माझा जीव सुखावला. शॉक बसताक्षणी लाइट तोडणारा ब्रेकर मात्र या घरात नाही. तो बसवावा लागेल, लाल शाईत नोंद केली.

प्रत्येक पॉइंटवर तारीख टाकून सहीचा स्टिकर लावला. माझी सही म्हणजे 'प्र' आणि खाली शेपटासारखी लांब रेघ. कोंडी दारात उभी राहून बघत होती. न्हाणीघरातल्या सात नंबरच्या स्टिकरपाशी बराच वेळ थांबली. तिला वाटलं असेल, ही बाई घरभर कागद काय चिकटवत सुटली आहे.

जेवायला नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. दोन भाकऱ्या हाणल्या आणि दुपारी ढाराढूर झोपले.

बुधवार, २३ एप्रिल

मनात खुट्ट झालं होतं. रिकाम्या घरात ०.० ठीक आहे. पण गीझर चालू असताना न्यूट्रलवर लोड येतो, तेव्हा न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडा तरी फरक दिसायलाच हवा, एखाद व्होल्ट, दीड व्होल्ट. आज सात नंबरवर गीझर लावून मोजलं. ०.०. इंडक्शनवर चार लिटर पाणी उकळलं. ०.०. नको तितकं छान म्हटलं की माझं डोकं सणकतं.

प्लेट उघडली. आत बोटभर लांबीचा तारेचा तुकडा, न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत. खड्ड्याकडे जाणारी हिरवी तार स्क्रूला जोडलेलीच नाही, मागे भिंतीत मोकळी सोडलीय! नुसता पूल बांधून ठेवलाय. टेस्टर फसतो, मीटर फसतं, दिवे पेटतात आणि सगळे खूश. असं घर वर्षभर सुरळीत चालेलही. पण ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी सैल होईल त्या दिवशी गीझरचं अंग, नळ, पाणी, सगळं २३० व्होल्टवर. आणि हात लावणारा ओला. नऊही प्लेटा उघडल्या. नऊही तशाच.

कुठल्या गाढवाने पास केलं हे घर? चौदा मुली येणार आहेत इथे! आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय. संताप संताप झाला माझा. कोंडीसमोर मी त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती ऐकत होती.

दुपारी बाराला तालुक्याचीच लाइट गेली. शिवाय मी मेन पाडला होता, फ्यूज काढून खिशात घातले होते. काम करताना फ्यूज स्वतःच्या खिशात, हा माझा नियम आहे. हात पुसायला म्हणून न्हाणीघरात गेले, सवयीने खिशातला पेनासारखा टेस्टर नळाला लावला आणि तो पेटला.

दोनदा बघितलं. पेटला. मीटर लावलं तर २३०. जवळपास कुठून मोठी लाइन गेली असेल तर तिच्यामुळे असा चोरटा व्होल्टेज दिसतो कधीकधी. पण लाइट तर तालुक्यात नव्हती. असो. मीटरची बॅटरी उतरली असेल.

गुरुवार, २४ एप्रिल

हे कसं लिहू कळत नाही. पण लिहिते, कारण तोंडाने कुणाला सांगायची हिंमत नाही.

सकाळी कोंडी नेहमीसारखी पाणी घालून आली आणि ओट्याशी बसली. मी सहज विचारलं की खड्ड्याला पाणी का घालतेस. तिने सांगितलं. तिची मुलगी पोशी, एकोणीस वर्षांची, इथेच झाडलोट करायची. दोन वर्षांपूर्वी आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी न्हाणीघर धुताना नळाला हात लावला तो सुटलाच नाही. मालकाने सगळ्यांना सांगितलं की पोरगी अशक्त होती, चक्कर येऊन पडली. पोशी डोक्यावर दोन हंडे घेऊन घाट चढायची, कोंडी म्हणाली, अशक्त कशी असेल? नंतर मालकाच्या वायरमनने तिला समजावलं की करंट त्या हिरव्या तारेने मागच्या खड्ड्यात जातो आणि जमिनीत मुरतो. कोंडीने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. करंटने पोशीला धरलं आणि त्याच तारेने खाली नेलं. म्हणजे पोशी तिथे आहे. आणि उन्हाळ्यात तिला तहान लागत असणार.

मग तिने कंबरेची चंची सोडली. प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेला एक जुना स्टिकर काढला. गीझरच्या पॉइंटवरून त्या दिवशीच खरवडून घेतलेला. 'तपासले. अर्थ ठीक. २९ मार्च.' आणि खाली 'प्र' आणि लांब रेघ.

तिला वाचता येत नाही. पण रेघ कळते. सात नंबरवरच्या माझ्या नव्या स्टिकरकडे बोट करून तिने विचारलं, ही दोन्ही एकाच हाताची का?

मी म्हणाले, नाही. अशा सह्या खूप जणांच्या असतात.

तिने स्टिकर परत गुंडाळला.

मी इथे कधी आले नव्हते हे खरं आहे. त्या वर्षी मार्च एंडला सत्तेचाळीस घरं होती आणि मी ठाण्याच्या ऑफिसात बसून होते. साइटवरचा माणूस पेटलेल्या टेस्टरचे फोटो मोबाइलवर पाठवायचा आणि मी सही केलेल्या स्टिकरांचे गठ्ठे त्याच्याकडे द्यायचे. फॉर्मवर घराचं नाव नसतं, गट नंबर असतो. खड्ड्याचं रीडिंग मी यादीतल्या आधीच्या घराचं उतरवून काढायचे. सगळेच तसं करतात. सगळेच करतात म्हणून मीही केलं.

आता काय? खरा रिपोर्ट दिला तर जुना फॉर्म बाहेर निघेल. लायसन्स जाईल, कदाचित तुरुंगही. त्यापेक्षा उद्या मीच गुपचूप भिंत खणून हिरवी तार खऱ्या खड्ड्याला जोडते. नऊही पूल तोडते. मुली सुरक्षित राहतील, मी सुटेन, आणि कोंडीला कळायचं कारण नाही. तिला उद्या सुट्टी दिली. शनिवारी ये म्हटलं. मान खाली घालून गेली.

लाज वाटते आहे. पण लाजेपेक्षा भीती जास्त आहे, हेही खरंच.

शुक्रवार, २५ एप्रिल, दुपारी १२

मेन बंद. फ्यूज खिशात. ओट्यामागची भिंत फोडली. बाहेरच्या खड्ड्यातून आलेली तांब्याची पट्टी सापडली, भिंतीत येऊन थांबलेली. घरातली हिरवी तारही सापडली. दोघींमध्ये हातभर अंतर, आणि मध्ये सिमेंट. कधी जोडलीच नव्हती.

म्हणजे या घरातून आजवर काहीच जमिनीत गेलेलं नाही. कोंडी रोज रिकाम्या खड्ड्याला पाणी घालते. पोशी तिथे नाही. जे निघून जायला हवं होतं ते वाट न मिळाल्याने इथेच, भिंतींतून, नळांतून, फिरत राहिलं—

नाही. मी इंजिनिअर आहे. तारेचा तुकडा आणते पेटीतून, जोडते आणि संपवते.

दुपारी १

पेटी पुढच्या खोलीत होती. तुकडा घेऊन वळले तर स्वयंपाकघरात पाणी. फरशीच्या सांध्यांतून वर येतंय. टाकी कोरडी आहे, नळाला तीन दिवस थेंब नाही. हे पाणी कुठलं?

उंबऱ्यापाशी बुटाचं टोक बुडालं आणि मी मागे फेकली गेले. रबरी बूट घालून! उजवा हात कोपरापर्यंत बधिर आहे.

दुपारी ३

बाहेर पडायचं ठरवलं. पुढचं दार लोखंडी, कडी लोखंडी. लांबूनच टेस्टर धरला. कडीला लागायच्या आत पेटला.

खिडक्यांना ग्रिल. चारही. चारही जिवंत.

फ्यूज माझ्या खिशात आहेत. पुन्हा मोजले. तिन्ही आहेत.

रबरी हातमोजे घालण्याआधी फुगवून बघायचे असतात, हवा गळते का ते. फुगवले. प्रत्येक बोटाच्या टोकाला टाचणीएवढं भोक. दहाही बोटांना. सोमवारी धड होते, मी स्वतः बघितले होते.

झाडूच्या दांड्याने कडी ढकलून पाहिली. दांडा ओला झालाय. सगळं लाकूड ओलं. झटका बसला, जीभ चावली गेली. फोनला रेंज नाही, रेंज वरच्या टेकाडावर. अर्धा तास ओरडले. माळावर चिटपाखरू नाही. कोंडीला मीच येऊ नको म्हणाले. हात दाखवून अवलक्षण!

संध्याकाळी ५

पाणी पुढच्या खोलीत आलं. दाराजवळ कामाची रबरी चटई टाकून तिच्यावर प्लास्टिकची खुर्ची घेतली आहे. पाय वर. एवढीच जागा उरली.

न्हाणीघरात कुणीतरी फरशी घासतंय. खराट्याचा आवाज. सावकाश, नीट, कोपरे न सोडता. मी हाक मारली. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू.

शनिवार, २६ एप्रिल, सकाळी ७

आहे अजून. घसा कोरडा पडलाय. खाली एवढं पाणी आणि एक घोट घेता येत नाही. उजेड झाला, बरं वाटलं, पण उजेडात ते जास्त नीट दिसतं. पाण्यावर हाताचे ठसे. पाण्यावर कधी ठसा उठतो का? आतल्या खोलीकडून माझ्याकडे येणारे. चटईच्या कडेपाशी थांबलेले.

तिला माझा राग आहे असं मला वाटत नाही. ती फक्त वाट शोधतेय. जे मिळेल त्यातून निघायचंय तिला. आणि ओलं, जमिनीला टेकलेलं माणूस ही वाट असते, हे मी नवशिक्या पोरांना शिकवत आले.

८.३०

ज्याला ही वही मिळेल त्याने वाचावं— नऊही पॉइंटला खोटं अर्थ. मुलींना इथे आणू नका. गट नंबर फॉर्मवर आहे. २९ मार्चचा फॉर्म खोटा, मी घर न बघता भरला. सही माझी. पोशी अशक्त नव्हती. तिला या घराने मारलं, आणि हे घर मी पास केलं.

लिहिलं. 

९.४५

कोंडी येतेय. ग्रिलमधून दिसतेय, माळाच्या टोकाला. डोक्यावर हंडा. देवा.

हाक मारली तर मला सोडवायला धावत येईल. गप्प बसले तर काय झालं बघायला येईल. दोन्हीकडून ती दाराशीच. हात ओले असणार. चिठ्ठी टाकून उपयोग नाही, तिला वाचता येत नाही.

आंब्यापाशी आली.

ओरडले. सगळं ओरडले. दाराला हात लावू नको, पोशी आत आहे, खड्ड्यात कधीच नव्हती, ती सही माझी आहे, मी खोटं बोलले, मी—

थांबली. अंगणात. हंडा डोक्यावर तसाच.

म्हणते, गुरुवारीच कळलं होतं तिला. रेघेवरून.

म्हणते, तू आत अडकली असशील वाटलं, काल दरीपलीकडच्या टेकाडावर होते, तिथे ओरडणं ऐकू आलं, पण अंधाराआधी पोचता आलं नाही. म्हणून आजचं पाणी खड्ड्याला नाही. तुझ्यासाठी आणलंय. तहानली असशील.

रडतेय मी. अक्षर फुटतंय.

हंडा उतरवला. पायरीवर. हात लुगड्याला पुसतेय, पण लुगडंच ओलं— सांगतेय मी, कोंडी नको, मागे हो, कडीला करंट आहे— ती हसतेय. म्हणते, "माझी पोर हाय ती. मला काय करल?"

तिला नाही कळत. करंटला आई कळत नाही कोंडी—

पायरी चढली.

कडी आतून-बाहेरून एकच. आधी वाट मिळेल तिकडून जाईल सगळं. माझ्यातून गेलं तर तिच्या हाताला पोचायला काही उरणार नाही— खुर्चीवरून उतरले तर पाय पाण्यात, हात कडीला, एवढंच तर करायचंय. वही ग्रिलमधून बाहेर टाकते. आधी टाकते, मग

हात उचलला तिने. कोंडी थांब, मी धरते, मी आधी